चतुर्थीच्या दिवशीचा बारावा पत्ता

विसरावं असं ते प्रकरण आहे. पण विसरता येत नाही, आणि आठवलं की मला आजही चीड येते. परवा फोनवर तुमच्यातल्या धाकट्याने विचारलं, आजी, तू कधी सर्व्हर पाहिलास का? पाहिला. जालन्यात, एका बियाणे कंपनीच्या कार्यालयात, पोत्यांच्या मागे. त्यावर धूळ होती आणि धुळीवर कोणीतरी स्वस्तिक काढलं होतं.

मी तेव्हा पोलीस निरीक्षक होते. कंपनीच्या मालकाने अर्ज दिला की त्यांच्या संकरित वाणांच्या मूळ जोड्यांची, म्हणजे कशाचा कशाशी संकर करायचा त्याची, यादी बाहेर जाते आहे. ज्याच्याकडे ती यादी, त्याच्याकडे बियाणं. म्हणजे कंपनीचा जीवच तो. त्याच आठवड्यात ठाण्यात निनावी फोन आला. बोलणाऱ्याने एवढंच सांगितलं की यादी दर महिन्याला कार्यालयातूनच, फायली पाठवायच्या एका संकेतस्थळावरून जाते. संकेतस्थळाचं नाव सांगितलं आणि फोन ठेवला.

संगणकाला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. तुम्ही नाव लिहिलं की त्याचा आकडी पत्ता एका यंत्राला विचारावा लागतो. तोच डीएनएस सर्व्हर. चौकातल्या पानवाल्यासारखा. परगावचा प्रत्येक माणूस त्यालाच घर विचारतो. कोणी, केव्हा, कोणाचं घर विचारलं हे त्याने वहीत लिहून ठेवलं, तर पोलिसांचं निम्मं काम झालं. ती वही म्हणजे क्वेरी लॉग.

वही बंद होती. कंपनीच्या कंत्राटी कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं की फाइल फुगत गेली, डिस्क भरली आणि ऐन पेरणीच्या हंगामात सर्व्हर बसला, म्हणून त्याने नोंदच बंद करून टाकली. ठाण्याची दैनंदिनी भरली तर आपण नवी वही घेतो. लिहिणं बंद करत नाही. मी त्याला सांगितलं, फाइलला मर्यादा घाल, भरली की नवी सुरू होऊ दे, जुन्या दहा ठेव. त्याने मान डोलावली.

आठवड्याने त्याने कागदांची चळत आणून दिली. कार्यालयातल्या प्रत्येक संगणकालाही असा आकडी पत्ता असतो; कोणत्या पत्त्यावरून कोणतं नाव विचारलं ते सगळं होतं. वेळ नव्हती. तारीखही नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, "वेळ लिव्हायचं तुम्ही बोलल्या न्हवत्या, मॅडम." मग मी माहितीपुस्तिका मागवली. इंग्रजी शाळेत शिकल्याचा नोकरीत मला फार थोड्या वेळा उपयोग झाला, त्यात ही एक वेळ. वेळ छापण्यासाठी एक वेगळी ओळ लिहावी लागते, आणि नाही लिहिली तर वेळ छापली जात नाही. ती ओळ मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहून लिहून घेतली.

तीन आठवड्यांनी ते संकेतस्थळ नोंदीत सापडलं. सकाळी अकरा वीस, बारावा पत्ता. कॉम्प्युटरवाल्याकडे कोणत्या टेबलाचा कोणता पत्ता याची हस्तलिखित यादी होती. बारावा पत्ता दाराजवळच्या टेबलाचा. तिथे बदनापूरहून रोज रेल्वेने येणारी एक मुलगी बसायची. बीज प्रमाणीकरणाचे अर्ज संगणकावर भरणं हे तिचं काम. मालक म्हणाले, "लेकीच्या वयाची असली म्हणून काय झालं? आत टाका."

मी टाकलं नाही. पण माझ्या उपनिरीक्षकाने मला न विचारता तिला ठाण्यात बोलावून घेतलं. महिलेचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा हे त्याला ठाऊक होतं. त्याला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी पोचले तेव्हा ती बाकावर दोन्ही हात पदरात घट्ट धरून बसली होती. नोंदीतल्या त्या दिवशी काय केलं हे तिने सरळ सांगितलं. दिवसभर अर्ज भरले, जेवणाच्या सुट्टीखेरीज उठले नाही. ते संकेतस्थळ तिला माहीतही नव्हतं.

बाहेर कडुलिंबाखाली तिचे वडील उभे होते. मेंढरं राखण्यात आयुष्य गेलेला माणूस. ते म्हणाले, "मॅडम, मी रोज मेंढरं मोजतो. एक हरपलं म्हनून दाराजवळचं बडवत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजेरीपट बघायला कंपनीत लवकर गेले. शिपाई काका कार्यालय उघडत होते. त्यांनी मेन स्विच वर केला, उदबत्ती लावली आणि आतल्या टोकाच्या केबिनमधला संगणक चालू केला. तो पूर्ण सुरू होईपर्यंत उभे राहिले. मग दुसरा, मग तिसरा. असं करत दाराजवळच्या बाराव्यापर्यंत आले. मी विचारलं, काका, एकदम का नाही चालू करत?

"लायनीत चालू केले तरच बराबर नंबर भेटतो, बाई. कॉम्प्युटरवाल्या साहेबानं तसा कागुदच चिटकवून देल्ता. एक इकडचा तिकडं झाला की छपाई दुसऱ्याच्याच मशीनवर जाती."

मी डोकं धरून खुर्चीत बसले. मालकांच्या हुकुमाने रोज संध्याकाळी मेन स्विच बंद व्हायचा. पत्ते वाटणारा जुना राउटर सगळं विसरायचा आणि सकाळी जो संगणक आधी उठेल त्याला पहिला पत्ता द्यायचा. पत्ते कायमचे बांधून देणं हे अर्ध्या तासाचं काम. ते न करता त्या गृहस्थाने शिपायाला क्रम पाठ करायला लावला होता. आणि त्या क्रमावर मी एका मुलीला चोर ठरवायच्या बेतात होते.

"काका, तुम्ही रोजच उघडता?"

"रोजच. चतुर्थी सोडून. चतुर्थीला मी मालकाच्या गाडीत राजूरला गणपतीला असतो न्हाई का."

नोंदीतला तो दिवस संकष्टीचा होता. मालक आणि काका दोघेही राजूरला. चतुर्थीला कार्यालय मालकांचा पुतण्या उघडायचा. तो दारातून आत जाताना वाटेतले संगणक चालू करत जायचा आणि शेवटी आतल्या टोकाच्या आपल्या केबिनमध्ये बसायचा. म्हणजे चतुर्थीचा बारावा पत्ता त्याचा. मी नोंद पुन्हा काढली. एरवी प्रमाणीकरणाचं संकेतस्थळ विचारायचा तो बारावा पत्ता. त्या दिवशी दिवसभर विचारत होता पहिला. मुलगी आपल्या जागेवर बसून अर्जच भरत होती. हे त्या कागदांत आधीपासून होतं. आम्ही एकच ओळ वाचली आणि वही मिटली.

पुतण्याला समोर बसवून मी नोंदीचे दोन कागद, एक एरवीचा आणि एक चतुर्थीचा, शेजारी शेजारी ठेवले. त्याने फार वेळ घेतला नाही. चुलत्यांनी जन्मभर कारकून ठेवलं, म्हणून दुसऱ्या कोणाबरोबर स्वतःची कंपनी काढायची होती, हे त्याने कबूल केलं. मालक सगळं ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, घरातली गोष्ट आहे. अर्ज परत घेतो." कालचा 'आत टाका' म्हणणारा हाच माणूस. माझा इतका संताप झाला की मी पाणी मागवलं.

अर्ज मागे घेणं त्यांच्या हातात होतं. मी मुलीच्या वडिलांना तिथेच मालकांसमोर बोलावून चौकशीत तिच्याविरुद्ध काहीही आढळलं नसल्याचं पत्र दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"पोरगी पोलीस टेसनात गेल्ती हे गावाला कळलं, मॅडम. काय सापडलं न्हाई म्हनून सुटली, हे कोन सांगल? ह्यो कागुद मी दारावर लावू का?"

मालकांकडे वळून मी एवढंच म्हटलं, "तुम्ही सांगाल. उद्या. दिवसाउजेडी." पोलिसी कायद्यात हे कुठे बसत नाही, मला माहीत आहे. तुम्ही विचारू नका.

मुलांनो, नोंद ठेवावी, आणि वेळेसकट ठेवावी. पण कोणत्या खिडकीतून कोणाचं घर विचारलं एवढंच ती सांगते. त्या दिवशी त्या खिडकीत कोण बसलं होतं, हे कोणीतरी सकाळी लवकर उठून बघावं लागतं. मी ते एक दिवस उशिरा केलं. तेवढ्यात ती मुलगी ठाण्याच्या बाकावर बसून गेली.

दुसऱ्या दिवशी मालकांची मोठी गाडी बदनापूरला मुलीच्या गल्लीत जाऊन उभी राहिली. माझा उपनिरीक्षक सोबत होता; त्याला मी मुद्दाम पाठवलं होतं. मालकांनी ओट्यावर बसून, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात मुलीची माफी मागितली आणि तिला कामावर यायला सांगितलं. ती म्हणाली, विचार करून कळवते. उपनिरीक्षक परत आल्यावर मी ठाणे दैनंदिनी त्याच्यापुढे सरकवली आणि नोंद करायला लावली. बदनापूर, अर्जदार समक्ष हजर, माफी मागितली, ओट्यावर चहा घेतला. त्याने लिहिलं आणि पेन ठेवलं. मी म्हटलं, वेळ?

त्याने पेन उचललं. सकाळी दहा चाळीस.