कुलूप न लावायचे दिवस

"घरात कोण हाय मग?"

"रक्षिता हाय की."

"तुमी डोळ्यानं बघितलासा तिला?"

"बघायचं काय त्यात? न्हाणीत होती. पाणी पडायलतं धो धो. मी भाईरनंच सांगितलं, येतो गं पोरी, आन रिक्षा काढली."

"आन ती काय म्हणाली?"

रिक्षाला माळ घालायला मार्केटात आलेल्या खंडोजीनं तिच्या काचेवरनं उगंच फडकं फिरवलं. "न्हाताना सुनेनं सासऱ्याला काय म्हणायचं असतंय, जमने? तू पण इचारतीस."

फुलांच्या दुकानावर बसलेल्या जमनाबाईच्या हातातली शेवंतीची माळ तशीच राहिली. "अवो, आज कावेरीच्या पाण्याची पाळी न्हवं? पहाटं ड्रमात पाईप सोडून मीच आलोय. नळ आला असंल. ते पाणी पडायलतं!"

जमनाबाईनं चोळीतनं फोन काढला आणि सुनेला लावला. रक्षिता दवाखान्यात नर्स, रात्रपाळीची. तिचा आवाज आला तो मागच्या कुणाच्या तरी कण्हण्यासकट.

"अत्ते, मी अजून वॉर्डातच. बदलीची बाई आली न्हाई. ह्यांना मेसेज केला होता की, अप्पांना घरी थांबवा म्हणून."

'हे' म्हणजे अभिराज, जमनाबाईचा लेक. तो सर्जापूर रोडच्या कंपनीत. आज तिथं आयुधपूजा, सगळ्यांनी धोतर नेसून यायचं ठरलेलं. धोतराला खिसा नसतो, त्यामुळं फोन बॅगेत, आणि बॅग दुसऱ्या मजल्यावर. मेसेज तिथंच पडून राहिलेला.

"सरी, ऱ्हाऊ दे," एवढं म्हणून जमनाबाईनं फोन ठेवला. म्हणजे घरात कुणीच नव्हतं. आणि घट बसलेले होते.

चामराजपेटेतलं हे घर. पूर्वज कुणा सरदाराच्या फौजेबरोबर इकडं कानडी मुलखात आले आणि इथंच राहिले. तीनशे-साडेतीनशे वर्षं झाली. बोलण्यात कानडी मुरलं, जेवणात राळं जाऊन नाचणी आली, पण घटाचा नेम कुणी हलवला नाही. आणि त्या नेमातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे घट बसले की ते उठेपर्यंत घराला कुलूप लावायचं नाही. देवी घरी आलेली असताना तिला कोंडून जायचं म्हणजे काय? घर मोकळं टाकायचं नाही, समईही विझू द्यायची नाही. जमनाबाईच्या सासूनं मरताना दागिन्यांचं काही सांगितलं नाही, भांड्यांचं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की दाराला कुलूप घालू नकोस बाई.

सासूच्या काळात घरात अकरा माणसं होती. कुणी ना कुणी पाय पसरून बसलेलं असायचंच. आता चार माणसं, चौघांच्या चार पाळ्या. महामारीच्या दोन वर्षांत तेवढं सुख झालं होतं. सगळी घरातच! घराचं कुलूप कुठं असतं तेही आठवेना. बाकी दरवर्षी जमनाबाई घटस्थापनेआधी सगळ्यांना समोर बसवायची आणि कोण कधी घरी थांबणार ते तोंडानं वदवून घ्यायची. मोठा साहेब ड्यूटी लावतो तसंच. "घट काय, पोलीस ठाणं झालंय आपलं," असं अभिराज म्हणायचा, पण थांबायचा.

नुसता दसराच असा नाही. दसऱ्यापासनं संक्रांतीपर्यंत ह्या घराचे सगळे सण पाळीपाळीनं होतात. दिवाळीचं तेल रक्षिताच्या अंगाला लागतं ते ड्यूटीवरनं आल्यावर, उन्हं वर आल्यावर. कार्तिकात बसवनगुडीच्या शेंगांच्या जत्रेला चौघं चार वेळेला जातात आणि घरात शेंगांचे चार पुडे होतात. चंपाषष्ठीला खंडोबाची तळी उचलायला माणसं कमी पडतात, म्हणून शेजारची दोन ओढून आणावी लागतात. वांग्याचं भरीत तेवढं सगळ्यांना मिळतं, कारण ते गार झालं तरी चालतं. संक्रांतीच्या तिळात घालायचे गूळ-खोबऱ्याचे बारीक तुकडे जमनाबाई डिसेंबरातच कातरायला घेते. ज्याला जसा वेळ मिळेल तसा तो अडकित्ता हातात घेतो. सण चुकत नाही. फक्त माणसं एका वेळेला दिसत नाहीत.

आज नवमी. उद्या घट उठायचे. इतक्या वर्षांत कधी मोडलं नाही ते शेवटच्या दिवशी मोडलं होतं. त्यात ड्रम भरून पाणी वाहत असणार. घट जमिनीपासनं चार बोटं वर, पाटावर. केळीच्या पानावर काळी माती, त्यात धान्य पेरलेलं. ती माती भिजून वाहून गेली तर उद्या उठवायचं काय, चिखल?

"मी रिक्षानं सोडतो," खंडोजी म्हणाला.

"अजून रिक्षाची पूजा झाली न्हाई. आन ह्या गर्दीत रिक्षा उडत जाणार हाय व्हय? तुमी हितं बसा. मार मोजताना हात ताणू नगा आन गिऱ्हाइकाशी राजकारण बोलू नगा."

मार म्हणजे दोन्ही हात पसरून होते तेवढी लांबी. फुलांची माळ इथं त्यावरच विकतात. खंडोजीचे हात लांब, जमनाबाईचे आखूड. नवऱ्याला दुकानावर बसवायचं म्हणजे नुकसान, हे तिला माहीत होतं. तरी ती उठली.

मार्केटातनं बाहेर पडायचं म्हणजे फुलांतनं वाट काढायची. तिथं झेंडूचे नुसते डोंगर होते. पिवळा एक, नारिंगी एक. पांढऱ्या शेवंतीच्या गोण्या फुटून रस्त्यावर सांडलेल्या आणि माणसं त्यातनं घोट्यापर्यंत पाय बुडवून चाललेली. कोहळे रचलेले ते दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला लागायला आलेले. जन्म ह्यात गेला, तरी दर नवमीला जमनाबाईला एकदा मान वर करून बघावंसं वाटायचंच. एवढं फूल येतं कुठनं, आणि संध्याकाळपर्यंत जातं कुठं? आज तिनं मान वर केली नाही.

फ्लायओव्हरच्या खालनं ती किल्ल्याच्या भिंतीकडं आली आणि तिथनं तिच्या लक्षात आलं की आवाज कमी झालाय. हॉर्न होते, ढोल होते, पण रोजचा आवाज नव्हता. लेथ मशीन फिरत नव्हती. छापखान्याचा खटखटाट नव्हता. वेल्डिंगच्या दुकानात गॅसच्या नळकांड्याला हार घातलेला आणि मालक त्याच्यासमोर हात जोडून, डोळे मिटून. न्हाव्यानं कात्री, वस्तरा, कंगवा ओळीनं मांडून त्यावर कुंकवाचे ठिपके दिलेले. सरकारी बसला दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधलेले, ड्रायव्हर स्टिअरिंगला गंध लावत होता आणि प्रवासी खाली उभे राहून वाट बघत होते. कुणी चल म्हणत नव्हतं. ज्या गावात सिग्नलला अर्धा मिनिट उभं राहायला लोक शिव्या देतात, त्या गावानं आज हातातलं सगळं खाली ठेवलं होतं.

जमनाबाई तशी देवभोळी बाई नाही. नवस बोलत नाही, अंगात येणाऱ्या बाईकडं बघून नाक मुरडते. पण त्या बसजवळनं जाताना तिचा पाय आपोआप मंद झाला. मग फोडलेल्या कोहळ्याच्या गरावरनं घसरता घसरता वाचली, कोहळा फोडणाऱ्याच्या सात पिढ्यांना दोन शब्द सांगितले आणि पुन्हा पळत सुटली.

गल्लीत समोरच्या घरातली पद्मावती अक्का रांगोळीत रंग भरत बसली होती.

"जमना, तू भाईर? मी म्हटलं तू घर धुवायलीस. तुझ्या उंबऱ्यावरनं मघापासनं पाणी यायलंय."

"दार?"

"दार उघडंच हाय की."

"आत कोण गेलतं काय, अक्का?"

"एक कुत्रं गेलतं. पाय भिजले म्हणून माघारी आलं. दुसरं कोण न्हाई बाई. काय झालं?"

उंबऱ्यावरनं पाणी पायरीवर आणि पायरीवरनं गटारीत चाललं होतं, अगदी शांतपणे, घर धुतल्यावर जातं तसं. ती पायरी चढली, एक पाय उंबऱ्यावर ठेवला आणि तशीच थांबली.

बाहेरचा सगळा धिंगाणा पाठीमागं राहिला. आत कुणी नव्हतं. लाल सिमेंटची ती जमीन, जमनाबाईनं खोबरेल चोळून चोळून गुळगुळीत केलेली. त्या अख्ख्या जमिनीवर पाण्याचा एक पातळ थर होता. कुठं खळबळ नाही, लाट नाही. कोपऱ्यातला पाट त्या पाण्यात चार पायांवर उभा. पाटावर केळीचं पान कोरडं, त्यावर घट. धान्य वीतभर वर आलेलं, पिवळट हिरवं, पहाटेपेक्षा उंच वाटावं असं. आणि शेजारची समई पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी. ज्योत जळत होती. दार सताड उघडं, वारा आत येत होता, तरी ज्योत हलली तर एवढीच, कुणी बोलताना मान हलवावी तेवढी.

आणि खाली पाण्यात दुसरी समई. उलटी. तिची ज्योत खाली गेलेली, आडातल्यासारखी खोल. तिचा उजेड पाण्यावरनं सरकत सरकत उंबऱ्याला, जमनाबाईच्या अंगठ्याला टेकलेला.

हे घर तिनं लग्न होऊन आल्यापासनं झाडलं होतं, धुतलं होतं, पुसलं होतं. पण ते एकटं कसं दिसतं हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. बघणार कसं? ती नसली की दुसरं कुणी असायचं, आणि ती आली की घर एकटं राहायचं नाही. चौघांनी झोपा मोडून, रजा काढून, एकमेकांवर डाफरून ज्याची राखण केली ते इथं आपलं आपण बसलं होतं. कुणाची वाट बघत नव्हतं, कुणावर रागावलंही नव्हतं. जमनाबाईला हात जोडायचंही सुचलं नाही. आत पाऊल टाकलं तर पाणी हलेल, म्हणून ती श्वाससुद्धा बेतानं घेत राहिली. आपण आपल्याच घरी पाहुणी आलोय, आणि कुणाच्या तरी बोलण्याच्या मधे आलोय, असं तिला वाटलं.

किती वेळ गेला, तिला कळलं नाही. न्हाणीतनं पाण्याचा आवाज येत होता तो येतच होता.

मग मागं चपला वाजल्या. बदलीची बाई येताच रक्षिता धावत आली होती, पांढऱ्या कोटासकट, केस सुटलेले. तिनं सासूच्या खांद्यावरनं आत बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला. दोघी दारात उभ्या. सून हळूच म्हणाली, "अत्ते, मोडलं का हो सगळं? माझ्यामुळं."

जमनाबाईनं वळून बघितलं. पोरीच्या डोळ्यांखाली काळं पडलेलं, ओठ सुकलेले. रात्रभर दुसऱ्यांच्या उशाशी बसलेली.

"कुलूप हाय काय दाराला?"

"न्हाई."

"दिवा इझलाय?"

"न्हाई. पण घरात कोणच नव्हतं—"

"कोण न्हवतं म्हणून तुला कुणी सांगितलं?" जमनाबाई म्हणाली. आवाज तिच्या नेहमीच्या आवाजापेक्षा खालचा होता. "बघ की समोर."

रक्षितानं बघितलं.

"आमीच राखायलोय असं वाटत होतं मला," जमनाबाई म्हणाली, आणि लगेच पदर खोचून खाकरली. "आता हो आत. पाणी बंद करायला पायजे, न्हाईतर देवी पोहत भाईर यायची."

तिनं पाण्यात पाय टाकला. खालची समई तुटली, हलली, तुकडे तुकडे होऊन सगळ्या खोलीभर पसरली. वरची होती तशीच होती. जमनाबाईनं न्हाणीत जाऊन नळ फिरवला, खराटा घेतला आणि पाणी दाराकडं लोटायला लागली. रक्षितानं दुसरा खराटा उचलला, तो तिनं काढून घेतला.

"तू न्हाऊन घे आन समईत तेल घाल. भात हाय, सार हाय. जेव आन हितंच आडवी हो, दिव्यासमोर. झोपलीस तरी चालतंय, माणूस घरात असल्याशी कारण."

"ह्यांना काय सांगू?"

"सांग, धोतराला खिसा शिवून घे म्हणून."

रक्षिता हसली. हसता हसता तिचे डोळे भरले, पण सासूचं तिकडं लक्ष नव्हतं. ती पाटाचे पाय पदरानं पुसत होती. पुसता पुसता तिनं धान्याच्या कोंबांवर हात धरला, टेकवला नाही, नुसता वर धरला. मग उठली आणि निघाली.

मार्केटात पोचली तेव्हा तिच्या दुकानापुढं गर्दी उसळली होती. खंडोजी दोन्ही हात पसरून एका स्कूटरवाल्याला लॉरीला पुरेल एवढी माळ मोजून देत होता आणि वर म्हणत होता, "घे अण्णा, सणाचं हाय."

"काय झालं घरात?" त्यानं तिला बघून विचारलं. तोंड उतरलेलं. "दिवा इझला?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. सांगायला गेलं तर पाणी, दिवा, पाट एवढंच, आणि ते तर रोजचंच.

"उद्या घट उठायच्या आधी तुमी स्वल्प वेळ एकटं बसा तिथं," ती म्हणाली. "बोलू नगा. नुसतं बसा."

खंडोजीनं तिच्याकडं नीट बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोनं त्याला कधी नुसतं बस म्हटलं नव्हतं. तो काही बोलायला गेला तेवढ्यात पाण्याच्या टँकरचा एक ड्रायव्हर पुढं घुसला. "अम्मा, टँकरला माळ पायजे. पुढनं मागपर्यंत. बेगा बेगा!"

"तुमचा टँकर काय माझ्या बापानं मोजलेला हाय? लांबी सांगा," जमनाबाई म्हणाली. नवऱ्याला कोपरानं बाजूला सारून ती गोणीवर बसली, केळीच्या सोपटाचा दोरा पाण्यात बुडवला आणि शेवंतीच्या जोडीला गाठ मारायला लागली.