पार्बताबाई आणि भुऱ्याची खेळणी

पातूरच्या पार्बताबाईंनी आयुष्यात कधी पिंजऱ्यातला पक्षी पाळला नव्हता. नवरा गेला तेव्हा लेक प्रणाली चार वर्षांची होती. तेव्हापासून दोन एकरांत झेंडू आणि शेवंती लावायची, सकाळी फुलं तोडायची आणि ओसरीत बसून हार ओवायचे, यातच त्यांची तीस वर्षं गेली. त्यातच लेक शिकली, अकोल्यात नोकरीला लागली, लग्न होऊन तिथेच राहिली.

यंदा श्रावणाच्या तोंडावर प्रणाली एसटीतून उतरली ती पिंजरा छातीशी धरून. आत राखी रंगाचा पोपट होता. डोकं पिवळं, गालावर नारिंगी ठिपका, माथ्यावर तुरा. जात कॉकटील, पण विकणाऱ्याने त्याला कॉकटेल म्हटलं होतं, प्रणालीने नाव ठेवलं भुऱ्या. छातीवर मात्र त्याच्या एक पीस नव्हतं. नुसती गुलाबी कातडी दिसत होती.

प्रणालीने सगळं सांगितलं. ती आणि जावई दोघंही दिवसभर बाहेर, भुऱ्या बंद घरात एकटा. कंटाळून तो स्वतःचीच पिसं उपटायला लागला. डॉक्टर म्हणाले, त्याला कुरतडायला, खेळायला काहीतरी द्या. म्हणून तिने रंगीत ठोकळ्यांची माळ, घंटी आणि झोका मागवला आणि एका रविवारी तिन्ही वस्तू एकदम पिंजऱ्यात टांगल्या. भुऱ्या घाबरून असा फडफडला की पंख गजांवर आपटून रक्त आलं. पुढचे दोन दिवस त्याने दाण्याला चोच लावली नाही. आता निदान आईजवळ त्याला सोबत मिळेल, असं तिला वाटत होतं. सांगता सांगता तिचे डोळे भरून आले.

पार्बताबाईंनी पिंजरा ओसरीत ठेवून घेतला. खेळणीही ठेवून घेतली, पण पिशवीतच.

पहिले तीन-चार दिवस त्यांनी काहीच केलं नाही. हार ओवताना नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्या ध्यानात आलं की भुऱ्याचं मन त्याच्या तुऱ्यात असतं. भ्याला की तुरा ताठ उभा, निवांत असला की मागे कललेला. वरून काही आलं की तो जास्त भितो, मग तो त्यांचा स्वतःचा हात का असेना. आणि ज्वारीचं कणीस दिसलं की त्याला दुसरं काही सुचत नाही.

मग त्यांनी ठोकळ्यांची माळ ओसरीच्या पार दुसऱ्या टोकाच्या खुंटीला लावली. तुरा उभा राहिला, थोड्या वेळाने खाली आला. दुसऱ्या दिवशी माळ हातभर अलीकडे आणली. तुरा ताठ झाला आणि खाली येईना, तशी वीतभर मागे नेली. नवा गोऱ्हा औताला लावायच्या आधी जू आठ दिवस गोठ्यात त्याच्यासमोर नुसतं पडू द्यायचं, हे त्यांनी सासऱ्यांकडून पाहिलं होतं. हेही त्यातलंच, असं त्यांना वाटलं.

माळ पिंजऱ्यापाशी हार ओवणाऱ्या पार्बताबाईंच्या हाताजवळ पोचायला बारा दिवस लागले. तिथून पुढे त्या स्वतःच तिच्याशी खेळायला लागल्या. ठोकळे फिरवायच्या, एकमेकांवर वाजवायच्या आणि भुऱ्याकडे मुद्दाम पाहायच्या नाहीत. शेजारच्या दुर्गाबाई एकदा दारात थांबून हसल्या. म्हणाल्या, या वयात खुळखुळा घेऊन बसली काय. पार्बताबाईंनी त्यांनाही बसवून घेतलं आणि दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. दोघी बाया माळ ओढत बसल्या, तेव्हा भुऱ्या पहिल्यांदाच दांडीवरून सरकत सरकत त्यांच्या बाजूला आला.

त्याच संध्याकाळी त्यांनी माळेची गाठ सोडून ठोकळे सुटे केले. केळीच्या सोपटाच्या दोरात चार झेंडू, एक कणीस आणि मध्ये एकच पिवळा ठोकळा ओवला आणि ते पिंजऱ्याच्या बाहेरून, भुऱ्याच्या पायाखालच्या उंचीवर बांधलं. भुऱ्याने कणीस खाल्लं, झेंडू विस्कटले, ठोकळा तेवढा टाळला. तिसऱ्या दिवशी ठोकळ्यालाही चोच मारली. आठवड्यात त्याच्या कडा कुरतडून झाल्या होत्या. मग दुसरा ठोकळा आला, तिसरा आला.

घंटीने मात्र घात केला. पहिल्यांदा वाजली तसा भुऱ्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि आधीचे ठोकळेही त्याला नकोसे झाले. पार्बताबाईंनी घंटी काढून घेतली. घंटीच्या आत कापूस भरला आणि पुन्हा पार दुसऱ्या टोकाच्या खुंटीपासून सुरुवात केली. पुढे रोज चिमूट चिमूट कापूस काढत गेल्या.

भादवा संपताना प्रणाली चार दिवसांची रजा काढून आली. भुऱ्या घंटीला चोचीने ढुशा देत होता आणि छातीवर राखी लव आली होती. हे केलं कसं, असं तिने विचारलं.

"मी काय केलं व? त्यानं थांब म्हटलं का मी थांबत होती," पार्बताबाई म्हणाल्या.

प्रणालीला आता त्याला परत न्यायचं होतं, पण पार्बताबाईंनी पोपट लगेच तिच्या हवाली केला नाही. पिशवीत झोका अजून तसाच होता. तो त्यांनी लेकीच्या हातात दिला आणि स्वतः बाजूला बसल्या. पहिल्याच दिवशी प्रणाली झोका घेऊन थेट पिंजऱ्याशी गेली.

"तुरा पाय त्याचा," आई ताठ झालेल्या तुऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "मांगं हो. तुले घाई हाये, त्याले नाई."

प्रणाली मागे झाली. ऑफिसात ढिगाने काम उपसणारी ती पोरगी चार दिवस मातीवर बसून झोका मांडीवर हलवत राहिली. चौथ्या दिवशी भुऱ्याने गजांतून मान काढून झोक्याची दोरी चोचीत धरली. प्रणालीने हात तसाच स्थिर ठेवला. झोका पिंजऱ्यात बसवणं अजून लांब होतं, पण ते अकोल्यात तिचं तीच करू शकेल, याबद्दल पार्बताबाईंना शंका उरली नाही. रोज संध्याकाळी घरी आल्यावर अर्धा तास त्याच्यापाशी बसायचं, एवढं त्यांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं.

सकाळच्या एसटीत त्यांनी पिंजरा स्वतः चढवून दिला आणि वारा लागू नये म्हणून वरून आपलं जुनं लुगडं गुंडाळलं. गाडी सुटल्यावर क्षणभर तिथेच उभ्या राहिल्या. मग टोपली घेऊन शेताकडे निघाल्या. दसरा आठ दिवसांवर आला होता आणि झेंडू तोडायला आला होता.