साडूची पेल एल

बिअरवर इतका जीव लावून इतकी वाईट बिअर करणारा माणूस माझ्या साडूखेरीज सिंगापुरातच काय, पृथ्वीवर दुसरा नसेल. हे लिहितानाही मला अपराधी वाटतं, कारण फुकट पाजणाऱ्याला नावं ठेवणं बरं नव्हे. पण ज्यांनी ती प्यायली आहे ते मला माफ करतील. एरवी तुआसच्या गोदीत जहाजांच्या इंजिनांशी झुंजणारा हा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी यिशुनच्या फ्लॅटमध्ये पेल एल नावाची फिकट, कडवट बिअर करायला माल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या सातूच्या, अर्काचा डबा उघडायचा, काकवीसारखा तो पाक गरम पाण्यात ढवळून पिंपात ओतायचा, निवला की वर यीस्ट भुरभुरायचा आणि हॉप्स नावाची कडू, सुकी फुलं तळहातावर चोळून माझ्या नाकाशी धरायचा. "साडूभाऊ, ही बिअरची कसुरी मेथी. शेवटी घालायची, म्हणजे वास टिकतो." वास टिकायचा खरा. मेहुणी उदबत्त्या लावून थकली, आणि त्याची मुलगी इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाली, "बाबा, ड्युरियन स्मेल्स बेटर, लाह." ड्युरियन म्हणजे इथलं ते फळ, जे वासापायी मेट्रोत न्यायला बंदी आहे.

पहिल्या खेपेला त्यानं पिंपाला दुलई गुंडाळली. थंडीत दही लावताना आई असंच करायची, हा त्याचा शास्त्राधार. ज्या गावात पंखा बंद केला की माणूससुद्धा आंबतो, तिथं यीस्टचं काय होणार? बिअरला पिकल्या केळ्यांचा वास आला. तेव्हापासून पिंपाला ताप आलेल्या पोरासारख्या गार पाण्याच्या पट्ट्या सुरू झाल्या. हा कामावरून फोन करायचा, "पट्टी बदललीस का?" मेहुणी म्हणायची, "मला डेंगी झाला तेव्हा एकदा तरी विचारलंत का?" पुढच्या खेपेला फेसासाठी बाटल्यांत साखर घालायची होती, ती त्यानं पाहुण्यांच्या चहाच्या हातानं घातली. इथल्या फ्लॅटना जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक खोली असते, बॉम्बहल्ला झालाच तर लपायला. बाटल्या तिथं ठेवल्या होत्या आणि तिथंच एकामागून एक फुटल्या. मेहुणी शांतपणे म्हणाली, "अहो, सरकारनं ही खोली बाहेरच्या बॉम्बसाठी बांधलीय."

आम्ही सगळे "छान झालीय" म्हणायचो. तो मान हलवायचा. "छान तर शाळेतल्या नाटकालाही म्हणतात. दुसरा ग्लास मागाल तेव्हा खरं." दुसरा ग्लास कधीच कुणी मागितला नाही. मला मागावासा वाटे, पण पोट ऐकत नसे.

मग कंपनीनं त्याचा पास, म्हणजे इथं राहून काम करायचा परवाना, पुढं वाढवला नाही. सामान बांधता बांधता त्यानं शेवटची खेप बाटल्यांत भरली. ती मुरायला दोन आठवडे हवे होते आणि पुण्याचं विमान त्याच्या आत होतं. खोकं माझ्या स्वयंपाकघरात ठेवून तो म्हणाला, "मुदतीआधी हात लावायचा नाही. पहिली बाटली मला दाखवून उघडायची."

मुदत संपली तशी मी व्हिडिओ कॉल लावून बाटली उघडली. पांढराशुभ्र फेस ग्लासाच्या काठापर्यंत आला आणि तिथंच थांबला. संत्र्याच्या सालीचा वास, मागून नेमका कडवटपणा. मी म्हणालो, "छान झालीय हो, खरंच."

"ते तुम्ही नेहमीच म्हणता," साडू म्हणाला आणि तिकडं कसलंसं खोकं उघडू लागला.

मी ग्लास रिकामा केला, दुसरी बाटली फोडली आणि त्याला दिसेल असा ग्लास पुन्हा भरू लागलो. तो फोनच्या इतका जवळ आला, की मला नुसतं नाक दिसत होतं.

"हळू ओता, साडूभाऊ," तो म्हणाला, "तळाचा गाळ येऊ देऊ नका." आणि त्यानं फोन कुठंतरी उताणा ठेवून दिला. बराच वेळ मला पुण्यातला छताचा पंखा तेवढा फिरताना दिसत राहिला.