नवतपातलं पांढरं फूल

आईच्या हाताला गुण नाही, असं आमच्या गल्लीत सगळ्या बाया म्हणत. ते साफ खोटं होतं. हाताला गुण होता, पण नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांमागचं परस म्हणजे नुसता तवा होता. तिन्ही बाजूंनी भिंती, वर उघडं आभाळ, आणि एप्रिल लागला की दुपारी तिथं पाय ठेवायची सोय नाही. तिनं मोगरा लावला, तो गेला. जास्वंदीला कीड लागली. कुहीकडच्या माहेराहून शेवंतीच्या काड्या आणल्या, त्या दिवाळीपर्यंत टिकल्या आणि होळीच्या आत वाळून गेल्या. "आमच्या इकडं बांधावर काहीबी खुपसलं तं जगते," ती म्हणायची, "अन् इथं पाह्य." धानाच्या गावातून आलेली बाई होती ती. डोळ्यांसमोर काहीतरी हिरवं असावं, एवढीच तिची हौस, आणि तीसुद्धा नागपूरच्या उन्हानं पुरी होऊ दिली नाही.

तेव्हा रेशनवर परदेशातला लाल गहू मिळायचा. त्या गव्हात काय नसायचं! खडे, माती, सुतळीचे तुकडे, कसली कसली बारीक काळी बी. दुपारी आई सूप घेऊन दारात बसायची, गहू पाखडायची आणि निघालेला कचरा मोरीशेजारच्या वाफ्यात टाकायची. तेवढंच मातीला खत, हा तिचा हिशेब.

एका वर्षी त्या वाफ्यातून एक रोप वर आलं. पानं गाजरासारखी कातरलेली, जमिनीला चिकटून गोल पसरलेली. आईला ते काय आहे ते कळेना, मलाही कळेना. उपटावं की ठेवावं यावर दोन दिवस घरात चर्चा झाली. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते आणि कुठल्याही गोष्टीवर निर्णय पुढे ढकलणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. ते म्हणाले, "राहू दे, पाहू." राहिलं. मोरीचं पाणी पिऊन ते झाड सरसर वाढलं, आणि मे महिन्याच्या शेवटी, नवतपाच्या नऊ जाळत्या दिवसांत, सगळं शहर ओले पडदे लावून अंधारात पडलेलं असताना, ते कमरेएवढं होऊन फुललं. तांदळाच्या कणीएवढी पांढरी फुलं, झाडभर. भिंतीला हात लावला तर पोळायचा आणि हे आपलं हिरवंगार. आई उन्हाची पर्वा न करता भर दुपारी त्याच्यापाशी जाऊन उभी राहायची. तिला इतकं खूश मी क्वचित पाहिलं होतं.

मग नाव शोधणं सुरू झालं. आई एक डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून जो भेटेल त्याला दाखवायची. समोरच्या काकू म्हणाल्या, दवणा आहे. हुंगून पाहिला, तर दवण्याचा वास कुठला! घरमालकीण म्हणाली, ओव्याची जात असेल. महाराजबागेतला माळी म्हणाला, "विलायती है, बाई," आणि पुढं निघाला. मी शाळेत नेऊन विज्ञानाच्या बाईंना दाखवलं. त्यांनी पाकळ्या मोजल्या, पुस्तक चाळलं आणि शेवंतीच्या कुळातलं दिसतंय एवढं सांगून तास सुरू केला. मला त्या उत्तराचा फार अभिमान वाटला होता. आईला नाही वाटला. "कूळ घेऊन काय करू? मले नाव पाह्यजे. कोणी इचारलं तं काय सांगू?" आणि विचारत सगळेच होते. आमच्या परसात जन्मात पहिल्यांदा कोणाला विचारावंसं वाटेल असं काही उगवलं होतं.

ती फुलं देवाला जाऊ लागली. गजऱ्यात मोगरा थोडा असायचा, म्हणून आई मधूनमधून ती पांढरी डहाळी गुंफायची. गजरा तिच्या मानेवर रुळायचा.

संक्रांतीला बाया हळदीकुंकवाला येतात आणि त्यांना काहीतरी वाण द्यायचं असतं. लुटायचं, असं म्हणतात. कोणी कंगवे लुटतं, कोणी चहाची गाळणी. त्या वर्षी आईनं ठरवलं, आपण झाड लुटायचं. संक्रांतीच्या पूजेची मातीची सुगडं असतात, तशी तिनं जास्तीची आणली, त्यांत माती भरली आणि वाफ्यात पडलेल्या बियांची रोपं एकेका सुगडात लावली. सुगडाला बाहेरून हळदीकुंकवाची बोटं लावली. बाया हरखून गेल्या. असं वाण कोणीच दिलं नव्हतं. "काय नाव हाय वं याचं?" प्रत्येकीनं विचारलं. "नाव नाई माहीत, पण मरत नाई," आई हसून सांगायची. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गल्लीत जवळपास प्रत्येक दारात ते पांढरं फूल होतं.

त्याच उन्हाळ्यात आईची मान खाजू लागली.

आधी घामोळ्या वाटल्या. नागपुरात उन्हाळ्यात कोणाची मान खाजत नाही? मग पापण्या सुजल्या, मग कोपरापर्यंत हात. कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ झाली, करंजाचं तेल झालं, वांगं बंद झालं, वैद्यांच्या पुड्या झाल्या. खोलीत जीव घाबरायचा म्हणून संध्याकाळी ती परसात खाट टाकून पडायची, झाडापाशी, तिथं जरा गार वाटायचं. हे आठवलं की आजही मला माझं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं. पावसाळ्यात जरा उतार पडला, पुन्हा वाढलं. वर्ष संपेपर्यंत तिच्या चेहऱ्याची कातडी जाड झाली, कपाळावर घड्या पडल्या, कानाच्या पाळ्या सुजून लोंबल्या. माझी आई दिसायला चांगली होती. आरशासमोर कुंकू लावणं तिनं सोडलं, अंदाजानं लावायला लागली.

गल्लीत कुजबुज सुरू झाली. तो शब्द आमच्यासमोर कोणी उच्चारला नाही, पण महारोगाशिवाय दुसरा कुठला रोग माणसाचा चेहरा असा करतो, हे सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या संक्रांतीला आईनं पुन्हा तयारी केली. तिळगूळ केला, सतरंजी घातली, करंडा पुसून ठेवला. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ती दाराकडं तोंड करून बसली. दोघीच आल्या. त्यांनी कुंकू लावून घ्यायला कपाळ पुढं केलं नाही. करंडा आईच्या हातातून काढून घेतला, आपापलं कुंकू आपणच लावलं आणि तिळगूळ पदराला बांधून गेल्या. आईनं सतरंजी गुंडाळून ठेवली. मी मात्र त्या दोघींना त्यानंतर कधी माफ केलं नाही, आणि करायचंही नाही.

बाबांना शेवटी निर्णय घ्यावा लागला. ते तिला महारोगाच्या दवाखान्यात घेऊन गेले, मीही गेले. तिथं तिचे डोळे बांधून अंगावर ठिकठिकाणी टाचणी टोचली. तिला प्रत्येक टोचणी कळली. "नाही, हा तो रोग नाही," असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बाबा बाकावर बसून रडले. पण त्या रांगेत उभं असताना आमच्या गल्लीतल्या कोणीतरी आम्हाला पाहिलं होतं. रोग नाही हे आम्ही किती जणांना सांगणार, आणि रांगेत पाहिल्याचं तोवर सगळ्यांना कळलेलं होतं.

तिथूनच आम्हाला सदर भागातल्या एका कातडीच्या डॉक्टरांचं नाव मिळालं. त्यांनी आईची मान, पापण्या, हात पाहिले आणि औषधाचं काही बोलायच्या आधी विचारलं, "बाई, घराच्या आसपास पांढऱ्या बारीक फुलांचं झुडूप आहे का? गाजरासारखी पानं?"

आईचा चेहरा उजळला. त्या सुजलेल्या चेहऱ्यावरही ते दिसलं. "हाय ना! माह्याच परसात हाय. तुम्हाले माहीत हाय ते?"

"उद्या एक फांदी घेऊन या," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतः डहाळी तोडली, चांगली भरगच्च फुलांची, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि सायकलरिक्षात मांडीवर धरून बसली. तिला वाटत होतं, दुखणं कसलं का असेना, आज निदान फुलाचं नाव तरी कळेल. मलाही तसंच वाटत होतं. डॉक्टरांनी फडकं उघडलंच नाही. कागदाच्या घडीत धरून ते टेबलाच्या पार टोकाला ठेवलं. "याला गाजर गवत म्हणतात," ते म्हणाले. "बाहेरच्या देशातून आलंय, धान्यातून. अजून आपल्याकडं फार लोकांना माहीत नाही. सगळ्यांना बाधत नाही, पण तुम्हाला जे झालंय ते याच्यामुळं झालंय."

"गवत?" आई म्हणाली. बराच वेळ ती एवढंच म्हणत होती. मग तिनं विचारलं, "मंग हे काढून टाकलं का मी चांगली होईन?"

"तुमच्या परसातलं काढून भागणार नाही," डॉक्टर म्हणाले. "त्याची धूळ वाऱ्यानं येते. जिथं हे नाही अशा ठिकाणी जाऊन राहा."

बाबांनी त्या संध्याकाळी वाफ्यातली झाडं मुळापासून उपटली. उघड्या हातांनी. त्यांना काहीही झालं नाही, साधी खाजसुद्धा नाही, आणि आई दाराच्या फटीतून त्यांचे हात पाहत राहिली. मग ते गल्लीत घरोघर गेले. काहींनी उपटू दिलं. काहींनी तोंडावर सांगितलं, "आमाले तं काई होऊन नाई राहिलं. देवाले चालते फूल." आणि समजा सगळ्यांनी उपटलं असतं, तरी काय होतं? तोवर ते नाल्याच्या काठानं, रेल्वेच्या पटरीनं, मोकळ्या प्लॉटांत, जिथं तिथं उभं होतं. ते आमच्या सुगडांतून गेलं नव्हतं, गव्हाच्या पोत्यांतून साऱ्या मुलखात आलं होतं. मी आईला हे परोपरीनं सांगितलं. तिला पटलंच नाही. "नाई वं पोरी. म्या माह्या हातानं लुटलं," ती म्हणायची. दुखण्यापेक्षा या एका वाक्यानं ती जास्त खचली, असं मला वाटतं. आणि मला त्यावर काही करता येत नव्हतं.

जिथं हे नाही असं ठिकाण एकच होतं, तिचं माहेर. कुहीपासून आत, बांध, धान आणि तळं असलेलं गाव. मामानं तिला नेलं. बाबांची नोकरी इथं, माझं कॉलेज इथं. मी स्वयंपाक शिकले, म्हणजे बाबा करपलेली भाजी मुकाट्यानं खायला शिकले. कधीमधी रविवारी मी एसटीनं आईकडं जायचे. प्रत्येक वेळी ती बरी दिसायची. पापण्या उतरल्या, हातांची कातडी मऊ झाली, कपाळाच्या घड्या गेल्या. एकदा गेले तर ती आरशासमोर बसून कुंकू लावत होती. मी घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते उठून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळानं आले. तिथं तिला रोग्यासारखं कोणी वागवत नव्हतं. गावातल्या बाया तिच्या हातून कुंकू लावून घेत होत्या. पण घर तिचं नव्हतं. भावजयीच्या चुलीपाशी ती विचारून बसायची.

दुसऱ्या वर्षी मे संपत आला असताना मी गेले. फाट्यावर एसटीतून उतरले. गावाकडं नवा रस्ता होत होता, कडेला ट्रकांनी टाकलेले मुरुमाचे ढीग होते, आणि त्या ढिगांभोवती गुडघाभर उंच, पांढरं, फुललेलं. मी तिथंच पिशवी खाली ठेवून उभी राहिले. काही झाडं उपटली. मग दूरवर पाहिलं आणि उपटायचं सोडून दिलं. आईला सांगायचं नाही, असं ठरवून मी गावात गेले.

आई ओसरीवर बसली होती, एवढ्या उन्हात मानेभोवती पदर गच्च घेऊन. तिनं मला जेवायला वाढलं. मामी विहिरीवर गेल्यावर तिनं पदर जरा सरकवला. मान लाल झाली होती.

"फाट्यावरचं पाहून आली ना तू?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"परवा तुही मामी डहाळी घेऊन आली होती त्याची. म्हणे, बाई, तुमच्या नागपूरले असते का हे फूल, काय म्हणतात याले?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, मले नाई माहीत." ती हलक्या आवाजात बोलत होती. "नाव सांगितलं असतं तं म्हणाले असते, इनंच आणलं नागपुरातून. भावाच्या घरी तेवढं नको. अन् आता कुठं जाऊ वं मी? अजून कुठं जागा हाय?"

मी तिचा पदर पुन्हा मानेवर ओढला.

"मंग मले घरी ने," आई म्हणाली. "खाजवायचंच हाय तं आपल्या घरी खाजवीन."

मामाला तिनं सांगितलं, आता बरी झाली, पोरीचे हाल होतात, जाते. दुपारच्या एसटीनं आम्ही निघालो. वाटभर ती खिडकीकडं पाठ करून, तोंडावर पदर घेऊन बसली. मला रडू आलं तर तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला, तो हात तेव्हा अजून मऊ होता.

घरी पोचलो तेव्हा बाबा नुकतेच कचेरीतून आले होते. दारात आईला पाहून ते गडबडले, चपला पायात तशाच ठेवून पुढं आले. त्यांनी तिचा चेहरा पाहिला, हात पाहिले. मान पदरात होती.

"बरी झालीस ना?" त्यांनी विचारलं.

"झाली," आई म्हणाली.

बाबांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि स्वतः स्टोव्ह पेटवून चहा ठेवायला गेले. त्यांना इतक्या आनंदात मी त्यानंतर कधी पाहिलं नाही.