परतीच्या खुणा

मागे कसं यावं हे अख्ख्या भंडारा जिल्ह्यात माझ्या साळ्याइतकं कुणालाच कळत नाही. पुढे जाण्याच्या बाबतीत मात्र सगळा आनंदच आहे. तिशी उलटली तरी लग्नाचं नाव नाही. लाखनीत हायवेला लागून एका खताच्या दुकानावर त्याची खोली आहे आणि तिथे बसून तो मोबाईलची ॲप बनवतो. ॲपमध्ये एक स्क्रीन सरकून दुसरी येते ना, बस, त्या अर्ध्या सेकंदावर या माणसाचा जीव. "उजवीकडून आली तं उजवीकडंच गेली पायजे, भाऊजी," तो मला बजावतो. "फटकन गायब झाली तं मानसाले समजत नाही. जे जाताना दिसत नाही, ते गेलंच नाही असं वाट्टे." हे बोलताना त्याची नजर माझ्या खांद्यामागे असते आणि मी भर दुपारी उगीचच वळून पाहतो.

बरं, हा नियम मोबाईलपुरता ठेवील तर शपथ! आमच्या घरी तो ज्या खोल्यांतून आत आला, त्याच खोल्यांतून उलट्या क्रमाने बाहेर पडतो. एका लग्नात हा चुकून आचाऱ्यांच्या बाजूने मांडवात शिरला. निघताना नवरदेवाशी हात मिळवून स्वारी पुन्हा चुलीवरच्या वांग्याच्या भाजीच्या गंजाला वळसा घालून, धुरात डोळे पुसत बाहेर. त्याचं कुठलंही ॲप बंद केलं की स्क्रीनवर 'येतो' अशी अक्षरं उमटतात, कारण निघताना 'जातो' म्हणू नये. एका धानवाल्या गिऱ्हाइकाने तक्रार केली, "बंद केलं का हे म्हन्ते, येतो. कोन येते बाप्पा? माही बुढी भेते ना!" साळ्याने अक्षरं काढली नाहीत, आणखी मोठी केली.

हसतो मी त्याला. पण हे वेड कुठून लागलं ते ठाऊक असल्यामुळे हसू पुरतं येत नाही. त्याचं घर नाकाडोंगरीकडे. त्याचे वडील, म्हणजे माझे सासरे, उन्हाळ्यात रोज सकाळी मोहफुलं वेचायला जंगलात जायचे. त्यांच्यासाठी याने एक ॲप केलं. जाताना झाड, नाला, दगड असे फोटो काढत जायचं आणि परतताना 'मागे' दाबलं की एकेक खूण उलटी सरकत यायची. फक्त पहिल्या कच्च्या ॲपमध्ये 'मागे' दाबलं की सगळं बंदच व्हायचं. "उद्या करून देतो बाबा," साळा म्हणाला. दुसऱ्या दिवशी सासरे गेले ते आलेच नाहीत. गावाने आठ दिवस जंगल पालथं घातलं. फुलांनी भरलेली टोपली सापडली. माणूसही नाही, मोबाईलही नाही. सासूबाई सांगून थकल्या, "अरे, तुह्या बापाले ते जंगल तोंडपाठ होतं. मोबाईल पाहून थोडी ना चालत होते ते!" पण त्याला ते पटत नाही. आपल्या आळसाने बाप हरवला, हेच त्याच्या डोक्यात.

त्या दिवशी जंगलात कुठेतरी रेंज मिळाली असावी, कारण साळ्याच्या मोबाईलवर वडिलांची नोंद येऊन पडली होती. 'बाबा. परतीच्या खुणा : नऊ.' म्हणजे घरी पोचायला नऊ खुणा बाकी. दिवाळीत ती नोंद उघडली तर आठ. "गलती असन," तो म्हणाला. "मी पाह्यतो म्हनून घटत असन." मग महिनाभर त्याने ती उघडलीच नाही. उघडली तेव्हा सहा होत्या.

"अगा, मग दुरुस्त कर ना ते!" मी ओरडलोच.

"दुरुस्त केलं आन पुन्हा नऊ झाले तं?" तो शांतपणे म्हणाला. "एवढं चालून आले ते, भाऊजी. त्यायले वापस पाठवू का?"



गेल्या रविवारी दुपारी मी सासुरवाडीला होतो. साळ्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. एक. राहिलेली खूण म्हणजे सासऱ्यांनी निघताना काढलेला पहिला फोटो, घरासमोरच्या चिंचेचा. अंगणातून ती चिंच सरळ दिसते. लख्ख ऊन होतं, झाडाखाली कुणी नव्हतं. तिथे बांधलेली शेळी मात्र सावली सोडून, दाव्याला ताण देऊन, उन्हात उभी होती.

"आई," साळा म्हणाला. "शून्य झालं आन कोनी नाही आलं, तं?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "नाही आले तं मंग मी बांगड्या काढीन. तोवर तू त्या ॲपले हात लावू नोको." मग उठल्या आणि पाय धुवायला पाण्याची बादली भरून दाराशी ठेवून आल्या.

मला भीती वाटत होती आणि रडूही येत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "शेवटची खूण सरकायला किती वेळ ठेवलास रे?"

"लय हळू ठेवली," तो चिंचेकडे पाहत म्हणाला. "बाबाचे गुडघे दुखतेत ना, भाऊजी."