जोडीनं बांधलेल्या किल्ल्या

वर्ध्याहून निघालो तेव्हा नुकतं उजाडत होतं. नेरडीगोंड्याला भाचीचं लग्न आणि मी तिचा एकुलता एक मामा. मामानं हात धरून आणल्याशिवाय नवरी मंडपात येत नाही, त्यामुळे उशीर करून चालणारच नव्हतं. किल्ली गाडीतच विसरण्यात माझा हातखंडा असल्यानं बायकोनं दुसरी किल्लीही दिली आणि ती वाटेत सोबत येणाऱ्या आत्याकडे सांभाळायला ठेवा, असं बजावलं.

पैनगंगा ओलांडली की पाट्या तेलुगू होतात. दुतर्फा कपाशी मात्र तीच असते. आत्याच्या गावी, मावल्याला, ती पिशवी घेऊन दारातच उभी होती. काका गेल्यापासून ती एकटीच राहते. तिनं पोळीला लावून दिलेली गोंगुऱ्याची (अंबाडीच्या पाल्याची) चटणी इतकी झणझणीत होती की डोळ्यांतून पाणी आलं. दुसरी किल्ली तिच्या बटव्यात टाकली आणि तिला घेऊन निघालो.

घाटाअलीकडे सागाच्या झाडांखाली एक चहाची टपरी दिसली. "पेळ्ळी?" (लग्न?) माझा फेटा बघून टपरीवाल्यानं विचारलं आणि आलं जरा जास्तच ठेचलं. चहा झकास होता. मी गाडीकडे परतलो तर गाडीतच विसरलेली किल्ली आत्यानं हातात दिली. किल्लीला हळदीचा पिवळा धागा बांधला होता. मला फार बरं वाटलं. गाडीत बसलो, किल्ली फिरवली आणि इंजिन नुसतंच गुरगुरत राहिलं. पुन्हा तेच, तिसऱ्यांदाही तेच.

"काऊन रे, काय झालं?" आत्या मागून म्हणाली.

मी बॉनेट उघडून मोठ्या गंभीरपणे आत बघितलं. त्यातलं मला काही कळत नाही. तेवढ्यात भाचीचा फोन आला, "मामा, कुठं आहे तुमी? मी तयार होऊन बसली." आलोच म्हणालो आणि पुन्हा किल्ली फिरवून पाहिली.

टपरीवर चहा पिणाऱ्या एक शिक्षिका जवळ आल्या. "सर, सेल्फ तर चांगला फिरून राह्यला, म्हणजे बॅटरी ठीक आहे. तेल आहे ना?"

टाकी अर्धी भरलेली होती. त्यांनी आत वाकून पाहिलं. समोर किल्लीच्या चित्राचा लाल दिवा उघडझाप करत होता.

"आमच्या गाडीत हा दिवा लागला होता, तवा किल्लीतली चिप खराब निघाली. तेलुगूत किल्लीला ताळमचेवि म्हणतात. ताळम म्हणजे कुलूप, चेवि म्हणजे कान. तुमच्या गाडीच्या कानात काहीतरी गडबड होऊन राह्यली."

कान! मी किल्ली बाहेर काढून नीट पाहिली. धाग्यात एक नाही, दोन किल्ल्या होत्या, पाठीला पाठ लावून घट्ट बांधलेल्या. दोघींच्या चिपा एकदम बोलत होत्या आणि गाडीला एकीचंही ऐकू येत नव्हतं.

"आत्या, दोन्ही काऊन बांधल्या?"

"लगनाच्या दिवशी एकटी काऊन ठेवाची? जोडीनं असली म्हंजे बरं."

मी चाकू मागितला. "हळदीचा धागा कापाचा नसते!" म्हणत तिनं किल्ल्या हिसकावल्या. नखांनी जमेना, तेव्हा दातांनी गाठ सोडवली आणि आपली किल्ली घेऊन पार सागाखाली जाऊन उभी राहिली. मी माझी फिरवली. गाडी सुरू झाली! टपरीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. बाईंना किती धन्यवाद देऊ असं झालं होतं, त्या म्हणाल्या, "आधी जा, नवरी वाट पाहून राह्यली." आत्याला मागच्या सीटवर कोपऱ्यात बसवून मी गाडी काढली.

वेळेत पोचलो. भाचीचा थंडगार हात धरून मंडपात आलो तेव्हा त्या बाईंची, टपरीवाल्याची, सगळ्यांची आठवण झाली आणि डोळे भरून आले. या वेळी चटणी कारण नव्हती.

परतताना आत्याला मावल्याला सोडलं. ती बटव्यातून किल्ली काढू लागली. उंबऱ्यात ती एकटी उभी, मागे अंधारलेलं घर. एकटी काऊन ठेवाची, हे ती नुसतं किल्लीबद्दल बोलली नव्हती, एवढं मला तोवर कळलं होतं.

"राहू दे तुझ्याकडेच," मी म्हणालो. "पण किल्ली विसरलो की मला इथवर यावं लागेल."

तिनं बटवा कमरेला खोचला. "मंग इसरत जा."