पाठीत जाणारी कळ

“अ‍ॅक्यूट पँक्रिएटायटिस आहे,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज. मी स्ट्रेचरवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. माझ्या नवऱ्याला, अनिलला, त्यांनी बाजूला नेलं, तरी मला ऐकू आलं. “किडन्याही बंद पडायला लागल्यात. इतका उशीर का केलात?”



मी कोल्हापुरात शाळेत गणित शिकवते. गुडघे दुखायचे, जिना चढताना धाप लागायची, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वजन कमी करायचं इंजेक्शन सुरू केलं. आठवड्यातून एकदा, पोटावर. भूक मेली, वजन उतरलं. मी खुशीत होते.

मळमळ होईल, हे सांगितलेलंच होतं. त्यामुळे डोस वाढवल्यावर उलट्या सुरू झाल्या, तरी आम्ही दोघं निर्धास्त. मग पोटाच्या वरच्या भागात कळ यायला लागली. ती थेट पाठीत जायची आणि थांबायचीच नाही. पाणीसुद्धा पोटात ठरेना. अनिल म्हणाला, “पित्त झालंय. जरा ताक पी.” मलाही ते पटलं.

शिरोळहून धाकट्या बहिणीचा, रेखाचा, फोन आला. माझा आवाज ऐकूनच ती ओरडली, “आक्का, लघवीला कधी गेलतीस?”

मला आठवेना.

“आठवंना? भावजींना फोन दे. भावजी, ताक-बिक ऱ्हाऊ दे, आधी गाडी काढा की! मी निघालोच बघा.”

रक्ताच्या तपासणीत लायपेज, म्हणजे स्वादुपिंडात तयार होणारं पाचक एन्झाइम, भलतंच वाढलेलं निघालं. मग सीटी स्कॅन, आयसीयू. तोंडाने काही द्यायचं नाही, फक्त सलाईन. उलट्यांनी अंगातलं पाणी आटून किडन्या थकलेल्या, म्हणून डायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त गाळणं. पलीकडच्या कॉटवर कोडोलीची एक बाई होती. तिलाही हाच आजार, पण पित्तखड्यांमुळे झालेला; माझा बहुधा इंजेक्शनमुळे, असं डॉक्टर म्हणाले. एका सकाळी तिच्या कॉटवर नवी चादर दिसली. “वॉर्डात हलवलंय तिला,” रेखा म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

माझ्या किडन्या हळूहळू सावरल्या. स्वादुपिंडाचा मोठा भाग मात्र मेला. डॉक्टर त्याला नेक्रोसिस म्हणतात. घरी सोडताना अनिलने त्यांना विचारलं, “आता पहिल्यासारखं होईल ना?”

“नाही. इन्सुलिन बनवणारा भागच गेलाय, आता ते बाहेरून टोचून घ्यावं लागणार, बहुधा कायमचं.”

इंजेक्शन घेऊच नका, असं मी कुणाला सांगत नाही. पण ते घेत असताना पोटातली जोराची कळ थांबत नसेल, पाठीकडे जात असेल, पाणी टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर घरी औषधपाणी करत बसू नका. पुढचा डोस न घेता तडक दवाखाना गाठा, आणि इंजेक्शनचं नाव आधी सांगा.

मी इन्सुलिन टोचायला बसले की अनिल उठून बाहेर जातो. मी त्याला हाक मारून आत बोलावते. जगले म्हणूनच टोचून घेतेय, हे त्याने बघावं.